पिनेचे गणित : बहिरमचा आकाशपाळणा आणि अभियांत्रिकीची मुले

डिसेंबर लागला की पेढीच्या पुलावरून परतवाड्याकडे जाणारे काही ट्रक आम्हा वलगावकरांना लांबूनच ओळखू येतात. ताडपत्रीबाहेर लाल-पिवळ्या रंगाचे लोखंडी आरे डोकावत असतात, मागे पत्र्याचे पाळणे एकात एक खोचून दोराने बांधलेले असतात आणि त्यांच्यावर दोन-तीन माणसे रजई पांघरून झोपलेली असतात. हे सगळे बहिरमला निघालेले असते. सातपुड्याच्या पायथ्याशी, बैतुलच्या रस्त्यावर भरणारी ही यात्रा डिसेंबरच्या उत्तरार्धात सुरू होते आणि जानेवारीभर चालते. हंडीतले मटण आणि रोडगे यांसाठी ती प्रसिद्ध आहे. तिथल्या पशुहत्येविरुद्ध गाडगेबाबांनी आयुष्यभर कंठशोष केला. पुढे २० डिसेंबर १९५६ रोजी बाबांनी देह ठेवला तो आमच्या वलगावजवळ, याच पेढीकाठी. अमरावतीच्या विद्यापीठाला आज त्यांचे नाव आहे.

या लेखाचा विषय मात्र यात्रेतला आकाशपाळणा आहे आणि त्याच्याशी अभियांत्रिकी शिकणाऱ्या मुलांचा काय संबंध असू शकतो, हा आहे. मी अभियंता नाही. बारावीनंतर शिक्षण सुटले. यंत्रशास्त्राची जी ओळख आहे ती जुन्या बाजारातल्या पुस्तकांतून आणि वर्कशॉपवाल्यांच्या संगतीतून झालेली. या विषयाकडे वळण्याचे कारण घरगुती आहे. मी तेरा वर्षांचा असताना एका जत्रेत माझा मावसभाऊ ज्या पाळण्यात बसला होता त्याची एका बाजूची पिन निसटली. पाळणा कलंडला आणि तो खाली पडला. चाक थांबत आले होते म्हणून जीव वाचला, पण तो आजही लंगडत चालतो. जत्रा कोणती आणि पाळणा कोणाचा हे लिहीत नाही; मालक आता हयात नाही. घरात त्यावर एकच निष्कर्ष निघाला होता, ‘पिन मोडली.’ ती मोडली नव्हती, हे मला कळायला पुढे तीस वर्षे लागली.

रहाटपाळणा आपल्याकडे नवा नाही. चार पाळण्यांचा, हाताने फिरवायचा लाकडी रहाट माझ्या आजीच्या आठवणीतल्या प्रत्येक जत्रेत होता. पीटर मंडी या इंग्रज प्रवाशाने १६२० साली बल्गेरियातल्या आजच्या प्लॉवडिव्ह शहरात असेच चाक पाहून त्याचे वर्णन लिहून ठेवले आहे. म्हणजे १८९३ साली शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात जॉर्ज फेरिसने जे चाक उभे केले त्याची कल्पना त्याची नव्हती. (याच प्रदर्शनाच्या निमित्ताने भरलेल्या सर्वधर्म परिषदेत विवेकानंद बोलले. मुंबईचे बी. बी. नगरकरही तिथे होते. त्यांच्यापैकी कोणी त्या चाकात बसले का, हे शोधण्याचा मोह मला अनेकदा झाला आहे.) फेरिसचे नवेपण त्याने केलेल्या गणितात होते. चाकाची उंची २६४ फूट. ३६ डबे आणि प्रत्येक डब्यात साठ माणसे, म्हणजे एका वेळी २,१६० लोक हवेत. इतके मोठे चाक आधी उभे करून मग टिकते का ते पाहणे शक्यच नव्हते. फेरिस हा न्यूयॉर्क राज्यातल्या रेन्सेलर पॉलिटेक्निकचा १८८१ सालचा पदवीधर आणि त्याचा व्यवसाय पोलादी पुलांचा. प्रत्येक आऱ्यावर किती ताण येईल हे मांडण्याचे काम त्याने विल्यम ग्रोनाऊ या सहकाऱ्याकडे सोपवले. करमणुकीचे यंत्र महाविद्यालयात शिकलेल्या गणितावर आधी कागदावर उभे करायचे, ही रीत इथून ठळक होते.

ते गणित आपल्या यात्रेतल्या पाळण्यावरही करता येते. मध्यापासून पाळण्यापर्यंत सात मीटर अंतर धरा आणि एक फेरा आठ सेकंदांत होतो असे धरा. पाळण्याचा वेग ताशी वीस किलोमीटरच्या आसपास निघतो. रमतगमत सायकल चालवावी तेवढाच. पण वर्तुळात फिरणारी वस्तू सतत मध्याकडे ओढली जात असते आणि ही ओढ या वेगाला गुरुत्वाकर्षणाच्या सुमारे ०.४४ पट भरते. त्यामुळे साठ किलो वजनाच्या माणसाला सर्वांत खाली असताना आपण शहाऐंशी किलोचे आहोत असे वाटते आणि सर्वांत वर पोहोचला की चौतीसचे. चार सेकंदांत निम्म्याहून अधिक वजन नाहीसे होते. पोटात गोळा येतो तो याचा.

मौत का कुआँमध्येही हेच गणित उलट बाजूने वापरलेले असते. उभ्या भिंतीवर मोटारसायकल चढते तेव्हा भिंत तिला मध्याकडे ढकलते आणि त्या दाबामुळे निर्माण होणारे टायरचे घर्षण तिला खाली घसरू देत नाही. विहिरीची त्रिज्या पाच मीटर आणि घर्षणाचा गुणांक ०.६ धरला तर ताशी बत्तीस-तेहतीस किलोमीटर वेग पुरतो. त्याखाली गेला की माणूस खाली येतो. फळ्यांवर ऑइल सांडले असेल तर हिशेब बदलतो, म्हणून ही मंडळी खेळाआधी फळ्या किती मन लावून पुसतात ते एकदा पाहावे.

गणित न केल्याची किंमत रोलर कोस्टरच्या इतिहासात उघड दिसते. १८९५ साली न्यूयॉर्कच्या कोनी आयलंडवर ‘फ्लिप फ्लॅप’ नावाची गाडी प्रवाशांना उलटे करून एका गोल वळशातून नेत असे. लोकांच्या माना आखडत, दुखावत. कारण अगदी शाळेतले आहे. गाडी वळशाच्या माथ्यावर जेमतेम टिकावी एवढाच वेग ठेवला, तरी पूर्ण गोल वळशात ती तळाशी येते तेव्हा प्रवाशाला आपल्या वजनाच्या सहापट दाब बसतो. वळसा लहान असो की मोठा, हा आकडा बदलत नाही. शिवाय सपाट रुळावरून गोलात शिरताना तो दाब क्षणात येतो. शरीराला सावरायला वेळच मिळत नाही. यावर ऐंशी वर्षांनी व्हेर्नर श्टेंगेल या जर्मन अभियंत्याने आन्टोन श्वार्त्सकॉप्फ या कोस्टर-बांधकाऱ्यासाठी उपाय काढला. रेल्वेचे रूळ बसवणारे सरळ मार्गावरून एकदम वळणात शिरत नाहीत, मध्ये हळूहळू वाकत जाणारा तुकडा घालतात. तशीच वक्ररेषा श्टेंगेलने उभी केली. तळाशी रुंद आणि माथ्याशी अरुंद असा, उलट्या थेंबासारखा वळसा त्यातून तयार झाला. १९७६ साली कॅलिफोर्नियातल्या मॅजिक माउंटन उद्यानात तो पहिल्यांदा धावला. आज खोपोलीजवळच्या इमॅजिकात (ते २०१३ साली उघडले) ‘नायट्रो’वर किंचाळणारी पुण्या-मुंबईची मुले त्याच विचाराच्या आधारावर सुखरूप उतरतात. नायट्रो मात्र स्वित्झर्लंडच्या बोलिजे आणि माबियार कंपनीची आहे. १९८९ साली गोराईला एस्सेलवर्ल्ड सुरू झाले तेव्हापासून मराठी माणूस अशा राइडमध्ये बसतो आहे. ती रचण्याचे काम त्याच्या वाट्याला फारसे आलेले नाही.

आता एक उदाहरण, जे मला स्वशिक्षित माणूस म्हणून सतत टोचते. २०१४ साली अमेरिकेतल्या कॅन्सस सिटीत ‘फेरुक्ट’ नावाची पाण्याची घसरगुंडी उभी राहिली. जर्मन भाषेत या शब्दाचा अर्थ ‘वेडा’. उंची १६८ फूट. चाचणीत वाळूच्या पोत्यांनी भरलेले तराफे हवेत उडून बाहेर पडले, तेव्हा उतार बदलून पाहिला, वर जाळी लावली. ७ ऑगस्ट २०१६ रोजी तराफा उडाला आणि दहा वर्षांच्या एका मुलाचा जाळीच्या धातूच्या कमानीवर आपटून मृत्यू झाला. रचना करणाऱ्यांकडे अभियांत्रिकीचे शिक्षण नव्हते, असे पुढे आरोपपत्रात म्हटले गेले. ते आरोप २०१९ साली न्यायालयाने रद्द केले, पण कारण वेगळे होते. ज्युरीपुढे गैरलागू पुरावा ठेवला गेला होता. घसरगुंडी त्याआधीच पाडली होती. हात चालवून, चुकत चुकत शिकण्याच्या रीतीवर माझे प्रेम आहे. माझे सगळे शिक्षण त्याच रीतीने झाले. पण चूक दुसऱ्याच्या मुलावर होणार असेल तर ती रीत वापरता येत नाही, एवढे या घटनेने मला पटवले.

म्हणून अशा कामात विद्यार्थ्यांना शिरू द्यावे का, हा प्रश्न सरळ नाही. परदेशात त्यावर वाट काढली आहे. डिस्नेच्या राइड रचणाऱ्या विभागाने नव्वदच्या दशकाच्या आरंभी ‘इमॅजिनेशन्स’ ही विद्यार्थ्यांची स्पर्धा सुरू केली. टोरंटोच्या रायर्सन विद्यापीठाने (२०२२ पासून त्याचे नाव टोरंटो मेट्रोपॉलिटन) फ्लोरिडातल्या युनिव्हर्सल उद्यानाशी हात मिळवून निरनिराळ्या विद्यापीठांतल्या मुलांसाठी राइड-रचनेची स्पर्धा उभी केली. तिथे मुले राइड बांधत नाहीत. त्यांना व्यवसायातल्या अडचणी दिल्या जातात, आणि ज्यांच्या सहीने खरी राइड उभी राहते असे अभियंते त्यांची उत्तरे तपासतात. त्याच विद्यापीठातल्या प्राध्यापक कॅथरिन वुडकॉक यांच्या प्रयोगशाळेचा विषय मला सर्वांत जवळचा वाटला. राइड तपासणारा, चालवणारा आणि तिच्यात बसणारा माणूस कुठे चुकतो, याचा त्या अभ्यास करतात. माणूस चुकणारच, असे धरून यंत्र रचायचे. माझ्या मावसभावाच्या पिनेचे उत्तर मला या बाजूने मिळाले.

दोन वर्षांपूर्वी अमरावतीच्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयातली चार पोट्टी माझ्याकडे आली. एक पुतण्याचा मित्र, बाकी त्याच्या ओळखीतली. शेवटच्या वर्षाला प्रकल्प हवा होता आणि त्यांनी संगणकावर एक रोलर कोस्टर रचला होता. चिखलदऱ्याच्या कड्यावरून निघून दरीवर उलटा होणारा. चित्र देखणे होते. मी विचारले, हा बांधणार कोण? ती हसली. मग मी त्यांना बहिरमला नेले.

तिथला पाळणा बारा पाळण्यांचा. जोडणीचा मुख्य माणूस, सगळे त्याला मिस्त्री म्हणतात, गेली वीस-बावीस वर्षे हेच करतो. मुलांनी आधी पायापासून सुरुवात केली. वऱ्हाडची काळी माती पावसात फुगते आणि हिवाळ्यात वाळून भेगाळते. पाळण्याचे पाय लाकडी ठोकळ्यांवर उभे असतात. एका मुलीने विचारले, “काका, पाऊस आला तर?” मिस्त्री म्हणाला, “आला त माल उतरोतो. मंग दोन दिवस हात नाई लावत. माती हलते न.” हे ज्ञान कोणत्याही नियमावलीत लिहिलेले नाही. पाळण्यांत माणसे भरण्याचा त्याचा क्रमही असाच. एक पाळणा भरला की पुढचा भरायचा नाही, समोरासमोरचा भरायचा, नाहीतर चाक एका बाजूला जड होऊन मोटरवर आणि ब्रेकवर ताण येतो. मुलांनी हे वहीत गणित करून पाहिले आणि मिस्त्री बरोबर निघाला. त्याला ते सांगितल्यावर विशेष आनंद झाल्याचे दिसले नाही.

मग ती पिनेकडे वळली. प्रत्येक पाळणा दोन बाजूंनी दोन पिनांवर लोंबतो. चार माणसे आणि पाळण्याचे स्वतःचे वजन मिळून ३८० किलो धरले आणि तळाशी लागणारा जादा दाब मिळवला, तर एका पिनेवर सुमारे २७५ किलो भार येतो. पंचवीस मिलिमीटर जाडीची साध्या पोलादाची पिन कातरली जायला सात हजार किलोच्या आसपास लागते. म्हणजे गरजेच्या पंचवीसपट ताकद. मुलांना वाटले आपले काही चुकले. त्यांनी तीनदा ताडून पाहिले. चुकले नव्हते. अशी पिन मोडत नाही, ती बाहेर येते. तिला जागेवर धरते ते तिच्या टोकाच्या भोकातले छोटे तारेचे दुभंगते अडसर, ज्याला वर्कशॉपवाले स्प्लिट पिन म्हणतात, किंमत दोन-चार रुपये. बहिरमच्या त्या पाळण्यावर चोवीसपैकी नऊ ठिकाणी स्प्लिट पिनेऐवजी वाकवलेला खिळा किंवा बांधायची तार होती.

मिस्त्रीला निष्काळजी म्हणणे सोपे आहे आणि चूक आहे. इमॅजिकातला कोस्टर एकदा उभा राहिला की जागचा हलत नाही. हा पाळणा वर्षात कितीतरी वेळा उतरतो, ट्रकात पडतो, दुसऱ्या गावात रात्रीतून उभा राहतो. सुट्या भागांत सर्वांत आधी हरवते ती स्प्लिट पिन. पहाटे दोन वाजता, एका हॅलोजनच्या उजेडात, थंडीने आखडलेल्या बोटांनी, तीस-चाळीस फूट वर आऱ्यावर बसून ती बसवायची असते. सकाळी पोलिसांचा परवाना, विद्युत निरीक्षकाचा दाखला आणि यांत्रिक तपासणीचा कागद हे सगळे पुरे होते. आणि खिळा जिथे आहे तिथे असतो, कारण खालून तो दिसत नाही.

लोखंडाचा थकवा ही वेगळी गोष्ट आणि तिची भीती अधिक वाटावी अशी. १८४२ साली पॅरिसजवळ आगगाडीच्या इंजिनाचा आस मोडून मोठा अपघात झाला. पुढच्या काही दशकांत ऑगस्ट व्योलर या प्रशियन रेल्वे अभियंत्याने दाखवून दिले, की लोखंड एका झटक्यात मोडणार नाही अशा भारालाही लाखो वेळा उलटसुलट वाकवले की मोडते. मिनिटाला साडेसात फेरे आणि रोजचे पाच तास धरले तर आपला पाळणा चाळीस दिवसांच्या यात्रेत नव्वद हजार वेळा फिरतो. वर्षातून अशा सात-आठ यात्रा केल्या तर सहा-सात लाख. त्यात गावोगावच्या वेल्डरने मारलेले जोड. १४ जुलै २०१९ रोजी अहमदाबादच्या कांकरिया तलावाशेजारी झोक्यासारख्या फिरणाऱ्या राइडचा लोंबता मुख्य दांडाच तुटला. दोघांचा जीव गेला आणि दोन डझनांहून अधिक जखमी झाले. तीही जागेवर कायम उभी असलेली राइड होती. दांड्यातली बारीक चीर डोळ्यांना दिसत नाही. ती शोधायला ध्वनिलहरींची किंवा रंगद्रव्याची तपासणी लागते आणि आमच्या मुलांकडे तिची साधने नव्हती. तो भाग त्यांनी प्रामाणिकपणे सोडून दिला. राजकोटच्या २०२४ सालच्या गेमझोन आगीनंतर गुजरातने मेळ्यांतल्या राइडसाठी नियम कडक केले. खाली काँक्रीटचा पाया हवा, ही अट ऐकून पाळणेवाले अडून बसले. पंधरा दिवसांच्या मेळ्यासाठी काँक्रीट ओतायचे कसे, हा त्यांचा सवाल अगदीच बिनबुडाचा नाही. अपघातानंतर घाईने लिहिलेला नियम बहुधा उद्यानातल्या राइडकडे पाहून लिहिलेला असतो.

मुलांनी पहिल्यांदा सुचवला सेन्सर. प्रत्येक पिनेला एक, खाली दिवा. मिस्त्री म्हणाला, “धुळीत चालीन का? अन् बॅटरी कोन बदलीन, तुमी येसान का दर वर्सी?” सेन्सर गेला. मग त्यांनी जे काढले ते इतके साधे होते की त्यांनाच लाज वाटत होती. पिनेला एका टोकाला जाड माथा आणि दुसऱ्या टोकाला आपोआप बाहेर येणारी स्प्रिंगची जीभ, म्हणजे स्प्लिट पिन लागतच नाही. पिन आऱ्याला साखळीने कायमची बांधलेली, म्हणजे ट्रकात हरवत नाही. जीभ पूर्ण बाहेर आली तरच दिसेल असा पिवळा पट्टा. पट्टा कुठे असावा यावर मिस्त्रीने त्यांना सुधारले. मुलांनी तो पिनेच्या टोकावर दाखवला होता. तो म्हणाला, मी वर चढून पाहत नाही, खाली उभा राहून चाक हळू फिरवून पाहतो, तर पट्टा खालच्या अंगाला द्या. चौघांनी लगेच कागदावर खोडाखोड केली. माझ्या मते त्यांच्या चार वर्षांच्या शिक्षणातला तो सर्वांत चांगला दिवस होता.

महाविद्यालयाच्या वर्कशॉपमध्ये दोन नग झाले. एका पाळण्याला पुरतील एवढे. पाळणा आधी यात्रेबाहेर वाळूची पोती भरून दोन दिवस फिरवला आणि पिनेच्या मागे जुनी स्प्लिट पिनही ठेवली. हा आग्रह त्यांच्या मार्गदर्शक सरांचा, आणि तो योग्य होता. तिसऱ्या दिवशी एक खोट सापडली. लोंबणाऱ्या साखळीत बसणाऱ्या बाईच्या साडीचा पदर अडकू शकत होता. साखळी आखूड करून तिच्यावर रबरी नळी चढवली. पुढे जानेवारी संपेपर्यंत तो एक पाळणा त्या पिनांवर फिरला. प्रकल्पाच्या तोंडी परीक्षेत बाहेरून आलेल्या परीक्षकांनी विचारले, “यात डिझाइन कुठे आहे?” चिखलदऱ्याचा कोस्टर दाखवला असता तर गुण जास्त मिळाले असते, असे त्यातला एक मला नंतर म्हणाला. मी त्याच्याशी वाद घातला नाही.

मावसभावाला मी ती पिन दाखवायला नेली होती. त्याने जीभ दोन-तीनदा आत-बाहेर करून पाहिली, साखळी ओढून पाहिली आणि विचारले, “कितीले पडते?” दोन नगांना मिळून साडेचारशे रुपये लागले होते, मजुरी सोडून.

चौघांपैकी दोघे आता पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये आहेत, एक नागपूरला आणि एक मुलगी स्पर्धा परीक्षेची तयारी करते. रेखाटने माझ्याकडे आहेत. गेल्या महिन्यात मिस्त्रीचा फोन आला. पाळण्याची रंगरंगोटी सुरू आहे, डिसेंबरात वलगाववरून जाईन म्हणाला, आणि मग, “पोट्टे कुठी गेले हो? मले अजून बावीस पाह्यजेत.”